रोयणीचा पत्ता

शनिवार, रात्र

पावसाळ्यात कोकणात निघालं की ऑफिसात सगळे धबधब्यांची चौकशी करतात. मी अळंब्यांसाठी चालले होते, त्यामुळे कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मामीचा फोन आला होता. "श्रावण लागलो. ऊन-पावस खेळताहा. येतलंस तर आत्ताच ये, मागीर काय्येक गावाचा नाय." मामी असा फोन दरवर्षी करत नाही.

तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, मी ठाण्याला चढले. आईची निघताना एकच सूचना होती: कळे आण, म्हणजे न उमललेल्या अळंब्या, उमललेल्या छत्र्या नकोत. तिचं माहेर तेच. लग्नानंतरची सगळी वर्षं डोंबिवलीत तिने बटन मशरूमच्या डब्यांना नावं ठेवण्यात घालवली आहेत.

रविवार

पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे मुद्दाम सावकाश धावते, त्यामुळे जेवणाची वेळ गाडीतच टळून गेली. सावंतवाडी रोड स्टेशन, रिक्षा, एसटी स्टँड, लाल गाडी. सावंतवाडीहून दोडामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, एवढंच लिहायची परवानगी मामीने दिली आहे. पुढच्या श्रावणात वाडीत मुंबईच्या गाड्या उभ्या राहायला नकोत, हे तिचं कारण.

संध्याकाळी चहा पिताना मी मामाला विचारलं, उद्या किती लांब शोधायला जायचं? मामा हसला. "अळमी सोधूची नसतत गो. रोयणी म्हायत व्हयेत."

रोयण म्हणजे वारूळ. आपण ते मुंग्यांचं समजतो, पण बांधलेलं असतं वाळवीनं. वाळलेली पानं, काटक्या, सुकं लाकूड ही वाळवी पोटातून घरी नेते. ते सगळं तिला एकटीला पचत नाही. म्हणून आपल्याच विष्ठेपासून ती जमिनीखाली धुण्याच्या स्पंजसारखी भोकाभोकांची पोळी रचते आणि त्या पोळीवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. बुरशी लाकूड फोडून देते, वाळवी जुनी झालेली पोळी आणि तिच्यावरचे पांढरे दाणे खाते. रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या बुरशीला हे नाव दिलं. दोघींचा हा संसार सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला. पाऊस मुरून माती मऊ झाली की पोळीपासून एक लांब मूळ वर सरकत येतं, त्याच्या टोकदार डोक्याने माती फोडतं आणि आपण म्हणतो, अळंबी आली. वाळवीचं घर नसेल तर ही अळंबी नाही. धिंगरी पेंढ्यावर होते, बटन मशरूम शेडमध्ये होतं. रोयणीच्या अळंबीचं व्यापारी पीक मात्र अजून कोणाला घेता आलेलं नाही.

मामाला यातली लॅटिन नावं ठाऊक नाहीत. पण काजीच्या बागेतली रोयण कोणत्या बाजूने फुटते, फणसाखालची किती पावसांनी जागी होते, बांधावरची एक वर्ष देते आणि एक वर्ष गप्प बसते, हे त्याने न अडखळता सांगितलं.

सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. मामीचा उपास, तरी कोयती कमरेला आणि टोपली डोक्यावर घेऊन ती माझ्याआधी तयार. मला गमबूट आणि एक काठी मिळाली. काठीने पुढचं गवत हलवत चालायचं, हात घालायचा नाही. रोयणीच्या आसपास फुरसं असतं आणि सोडून दिलेल्या रोयणीत नाग राहायला येतो. जळवांबद्दल कोणी काही सांगितलं नाही. त्या आपोआप भेटल्या.

पहिल्या तासाभरात मला इतकी छत्रं दिसली की मामीने फटाफट सगळी नाकारल्याचा राग आला. शेणावरची बारीक करडी, कुजक्या ओंडक्यावरची नारिंगी, बांबूच्या बेटात एक जाळीचा झगा घातलेलं आणि दुरूनच घाण मारणारं. देवळाच्या वाटेवर गवतात मोठी पांढरीशुभ्र छत्री उभी होती, दांड्याला अंगठीगत कडं. मी तिच्याकडे निघाले तशी मामी ओरडली, "ती कुत्र्याची! हात लावू नको."

मी मोबाइलवर फोटो काढून ओळख पटवणारं अॅप लावलं. अॅपने पाच नावं दिली. त्यातली दोन खाण्याजोगी होती, एक पोटाला त्रास देणारी आणि एक जीवघेणी. पाचवं नाव मामीला वाचून दाखवण्याची वेळच आली नाही. "पाच घोवांचा नाव घेणारी बायल कोणाचा घर सांभाळतली?" असं म्हणून ती पुढे चालू लागली.

ती छत्री बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असावी. मुंबईतल्या सोसायट्यांच्या हिरवळीवरही पावसाळ्यात ती उगवते. कोवळेपणी खालचे पापुद्रे पांढरे, जून झाले की हिरवट. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस सहसा वाचतो. खरी भीती अमानिता जातीतल्या काही छत्र्यांची. त्यांच्यातलं अमाटॉक्सिन शिजवून, उकळून, वाळवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. उलट्या-जुलाब होतात, मग बरं वाटू लागतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असतं. म्हणून अळंबी खाऊन उशिरा उलट्या झाल्या तर त्या थांबल्या तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, आणि शिल्लक राहिलेली अळंबी, भाजी, सालं, जे असेल ते बरोबर न्यायचं.

चांदीचं नाणं काळं पडतं का बघा, लसूण टाका, हळद टाका, किड्याने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते, हे सगळं आपल्याकडे घरोघर सांगितलं जातं आणि सगळं खोटं आहे. अमाटॉक्सिनने चांदी काळी पडत नाही. गोगलगाई विषारी अमानिता खुशाल खातात. मामीच्या घरातही भाजीत लसूण पडतो, पण चवीला.

मग मामी काय बघते? मी दिवसभर तिला तेच विचारत होते. आधी जागा: ही रोयण तिच्या सासूने दाखवलेली आहे का? मग डोकं: मधोमध टोकदार, कठीण बोंड आहे का? खालचे पापुद्रे पांढरे, मोठेपणी किंचित गुलाबी होणारे. आणि सगळ्यात शेवटी बूड. अळंबीचा दांडा जमिनीत निमुळता होत खोल जातो, संपतच नाही. अमानिताचा दांडा बुडाशी फुगतो आणि एका पांढऱ्या वाटीत बसलेला असतो. ती वाटी मातीत दडलेली असते, म्हणून जमिनीलगत कापून घेतलेल्या छत्रीची ओळख पटवू नये. हे सगळं सांगून झाल्यावर मामीने जोडलं की यातलं एक जरी अडलं तर ती काढतच नाही, आणि ज्या जागेची अळंबी घरात आधी कोणी खाल्लेली नाही तिथली तर नाहीच. माझ्या मते खरं शास्त्र या शेवटच्या वाक्यात आहे. हे वाचून कोणी एकट्याने रानात जाऊ नये. मी स्वतः मामीशिवाय एकही तोडणार नाही.

मोठी अळंबी त्या दिवशी मिळाली नाही. परतताना मात्र उताराच्या लाल मातीवर पांढरा सडा दिसला. नखाएवढ्या, शेकड्याने, एकमेकींना खेटून. ही टर्मिटोमायसिसचीच धाकटी जात, मायक्रोकार्पस. वाळवी आपल्या पोळीचे तुकडे बाहेर आणून टाकते आणि त्यांच्यावर ही उगवते, त्यामुळे हिला लांब मूळ नसतं. मामी उकिडवी बसून मुठीमुठीने खुडत गेली, अर्धा सडा तसाच ठेवून उठली.

रात्री त्यांचं सुकं झालं. निवडायला दीड तास, शिजायला दहा मिनिटं. खोबरेल तेलात कांदा, हिरवी मिरची, हळद, मीठ, शेवटी ओलं खोबरं. पाणी अजिबात घालायचं नाही, त्या स्वतःच इतकं सोडतात की कढईत रस्सा दिसू लागतो. तो आटू द्यायचा. मामीने उपास वरण-भातावर सोडला, तिच्या वाट्याचं मी खाल्लं.

मंगळवार

नागपंचमी, आणि नेमकी त्याच सकाळी काजीच्या बागेतली रोयण फुटली.

मामा गुरांना सोडून आला तो हात झटकत. रोयणीच्या पायथ्याशी कळे आलेत, बोटभर, मिटलेले, राखाडी टोपीचे. मी टोपली उचलली. मामीने ती माझ्या हातातून काढून खुंटीला लावली. आज माती उकरायची नाही, विळी-कोयती लावायची नाही, काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आणि ज्या रोयणीला दूध-लाह्या वाहायच्या तिच्याच अंगावरून कळे खुडायचे?

मी म्हटलं, उद्यापर्यंत उमलतील, आईने कळे मागितलेत. मामा म्हणाला, "उमलांदेत. पण मुंबयच्या आदी शेजाऱ्याक दिसतली." मग त्याने माडाची एक झावळ आणून रोयणीवर सहज पडल्याप्रमाणे टाकली. जाता-येता दुसऱ्या दोन झावळ्या भलत्याच ठिकाणी टाकल्या, म्हणजे संशय नको. मला हे धर्मसंकट सोडवण्याचं कोकणी तंत्र फार आवडलं.

दुपारी हळदीच्या पानांतल्या पातोळ्या. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही, मग वाफवायचं. त्या घरात पातोळ्या करताना कोणीच मोजत नाही आणि खातानाही नाही.

नंतर सातेरीच्या देवळात गेलो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात कित्येक गावांची ग्रामदेवता सातेरी, आणि तिचं मूळ रूप वारूळच. गाभाऱ्यात रोयण वाढलेली, तिला साडी नेसवलेली, मुखवटा लावलेला. वाळवी माती वर आणते, तिच्यात पाणी मुरतं, रोयणीभोवतीचं गवत दाट येतं. जिच्या पोटातून दरवर्षी अन्न बाहेर येतं तिला लोकांनी देवी मानलं याचं मला नवल वाटलं नाही.

संध्याकाळी मामाच्या मोटारसायकलवरून दोडामार्गाकडे चक्कर मारली. गोव्याची हद्द जवळ, रस्त्याकडेला दोन बायका सागाच्या पानांत अळंब्यांचे वाटे मांडून बसलेल्या. श्रावणात मासे-मटण बंद, त्यामुळे गोव्यातून ओळम्यांना मोठी मागणी असते. पन्नासेक कळ्यांचा वाटा पाचशे रुपये. गोव्याच्या पाटीची गाडी थांबली, काचेतून हात आला, घासाघीस न होता वाटा गेला. मामाला किंमत ऐकून आनंदही झाला आणि रागही आला. राग असा की या भावामुळे पोरं पहार घेऊन रोयणी खणतात. लांब मुळासकट अळंबी वर यावी, आतले न फुटलेले कळेही मिळावेत, म्हणून रोयण फोडायची. पोळी फुटली, वाळवीचं घर उघडं पडलं, की ती जागा संपली. गोव्यातले बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत हेच कित्येक वर्षं सांगत आले आहेत. आमच्या बाजूला शिवाय चिऱ्याच्या खाणी आहेत, रबराच्या लागवडी आहेत, आणि सपाटीकरण करणारा जेसीबी रोयण बघून थांबत नाही.

रात्री गडगडाट झाला. मामीने झोपेतच म्हटलं, "फुटली."

बुधवार

पाचला उठलो. हेडलाइट लावून, छत्री नको म्हणून डोक्यावर प्लास्टिक घेऊन. मामीच्या घरची एक रोयण बांधापलीकडे आहे, आधी तिकडे गेलो. तिथे कोणीतरी आमच्याआधी येऊन गेलं होतं. पहारीने अर्धी बाजू पाडलेली, पिवळट पोळीचे तुकडे चिखलात, त्यांच्यावर वाळवी सैरावैरा. मामी काही बोलली नाही. तिने तुकडे गोळा करून खड्ड्यात ठेवले आणि वर माती लोटली. याने काही साधतं का, असं मी विचारलं. "माका बरा वाटता," ती म्हणाली.

काजीच्या बागेतली झावळ जागेवर होती. खाली कालचे बरेचसे कळे अर्धवट उमललेले, काही पूर्ण छत्र्या होऊन तळहाताएवढे, आणि रात्रीच्या पावसाने नवे कळे मातीला तडे देत वर आलेले. आईचं काम झालं.

काढायची रीत अशी: बोटं दांड्यावरून खाली मातीत न्यायची, जिथे पोहोचतील तिथे धरायचं, किंचित पिळ द्यायचा आणि सावकाश ओढायचं. मूळ कुठेतरी तुटतं. जिथे तुटेल तिथे सोडायचं, खणायचं नाही. माझ्या हातात आलेलं सर्वांत लांब मूळ माझ्या वीतभर हाताला पुरून उरलं. राहिलेल्या भोकात चिमूटभर माती.

पूर्ण उमललेल्या छत्र्या मामीने ठेवल्या. त्यांत किडे लवकर पडतात आणि चव उतरते, हे तिचं कारण. दुसरंही कारण आहे. रोयणीतून उडून गेलेली पंखवाली वाळवी नवं घर करते तेव्हा बहुतेक जातींत ती बुरशी बरोबर नेत नाही. नव्या घरातली कामकरी वाळवी बाहेरून बीजाणू गोळा करून आणते, आणि ते पडतात याच उमललेल्या छत्र्यांच्या गुलाबी पापुद्र्यांतून. म्हणजे सगळे कळे खुडले आणि एकही छत्री उमलू दिली नाही, तर पुढच्या रोयणींची पेरणी होत नाही.

घरी आल्यावर कामाचा डोंगर. आधी प्रत्येक मूळ सुरीने खरवडायचं, कारण लाल माती त्याच्यात शिरून बसलेली असते आणि ती दातांखाली आली की सगळ्या मेहनतीवर पाणी. मुळाचं टोकाकडचं चिवट टाकायचं, वरचं कोवळं ठेवायचं. टोपीवरची साल ओलसर, बोटाने निघते. अर्धवट उमललेल्या उलट्या धरून झटकायच्या आणि हळद-मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायच्या, आतले किडे वर तरंगतात. मग पाणी बदलत धुवायच्या, पण भिजत ठेवायच्या नाहीत. सुरी कमीत कमी लावायची. मोठ्या हाताने उभ्या फाडायच्या, कळे अख्खे.

आम्ही तीन प्रकार केले. पहिला मामाचा: केळीच्या पानात कळे, मीठ, ठेचलेली मिरची, खोबरेलाचा थेंब, पुडी बांधून चुलीतल्या निखाऱ्यांवर. पान काळं पडलं की झालं. हा प्रकार जेवणापर्यंत पोहोचला नाही, चुलीपाशीच संपला.

दुसरा सांबारा. सुकं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत भाजून, त्यात धणे, मिरी, दोन लवंगा आणि बडीशेप. पाट्यावर वाटलं, मिक्सर आहे, पण वीज गेलेली. तेलात कांदा, लसूण, मालवणी मसाला, मग अळंब्या. झाकण ठेवून त्यांचं पाणी सुटू द्यायचं. त्या पाण्यातच सगळी चव असते, म्हणून वाटप त्यात घालायचं आणि साधं पाणी अगदी जरुरीपुरतं. शेवटी दोन सोलं. मसाला हात राखून, कारण कोंबडीचा म्हणून जो मसाला आपण सैल हाताने घालतो तो इथे अळंबीला गिळून टाकतो. पुण्या-मुंबईकडच्या हॉटेलांत मशरूम मसाला नावाने जे मिळतं ते खाऊन हे कळणार नाही, कारण तिथे गिळण्याजोगं काही नसतंच. दांडा दाताखाली रेषारेषांनी सुटतो, टोपी लुसलुशीत, आणि वास भिजल्या मातीचा असला तरी चव गोडसर. सोबत तांदळाची भाकरी.

तिसरा प्रकार मामीने माझ्या नकळत केला. मुळांचे कोवळे तुकडे उकड्या तांदळाच्या पेजेत, फक्त मीठ घालून. मला विचाराल तर तिघांत हा पहिला.

गुरुवार

परतीची गाडी संध्याकाळची. ताज्या अळंब्या डब्यात घालून न्याव्यात असा माझा बेत मामीने मोडून काढला. बंद डब्यात रात्रभर राहिल्या की घाम धरतात, चिकट होतात, आणि कुसकी अळंबी जातीने कितीही चांगली असली तरी पोट बिघडवते. तिने कालच अर्धे कळे दोऱ्यात ओवून चुलीवरच्या माळ्याला टांगले होते. अजून पुरते सुकले नव्हते, म्हणून ते कागदात गुंडाळून, वर सुती पिशवी. शिवाय थोडं सुकं, खूप परतलेलं, कोरडं.

शुक्रवार

आईने सुकं गरम केलं, पहिला घास घेतला आणि मसाला भावजयीने नेहमीसारखा कमी घातलाय म्हणाली. मग भांडं पुसून खाल्लं. वाळवलेले कळे कोमट पाण्यात घालून तिने संध्याकाळी मुगाच्या उसळीत टाकले. ताज्याची सर नाही, पण पाण्याला रंग आणि वास भरपूर सुटतो. ते पाणी ओतून देऊ नये, उसळीतच घालावं.

जेवताना तिने विचारलं, कुठल्या रोयणीची? काजीच्या बागेतली म्हटल्यावर तिने तिची नेमकी जागा सांगितली, पायथ्याच्या दगडासकट. मग फणसाखालची, मग शाळेच्या वाटेवरची, जी पुनर्वसूत आधी फुटायची. तिने त्या रोयणी वीसेक वर्षांत पाहिलेल्या नाहीत. शाळेच्या वाटेवरची आहे का, म्हणून तिने लगेच मामाला फोन लावला.

"तेच्यावयल्यान रस्तो गेलो मगे," मामा म्हणाला. "पण कुंपणाभायर नवी इली हा. तुझ्या चेडवान बघल्यान ती. तेका म्हणा, जागो कोणाक सांगू नको."